छत्तीस चुकांचा तक्ता

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो कानसेच्या आवाजानं. देवळातला नादस्वरम्, दूधवाल्याची सायकल, कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानातला कर्णा, हे सगळं त्याच्या मागून. अण्णा, म्हणजे माझे वडील, पहाटेच तिण्णैवर मांडी घालून बसत. तिण्णै म्हणजे रस्त्याकडचा ओटा. कुंभकोणमच्या जुन्या घरांना तो असतोच. मांडीवर लाकडाची दांडी आडवी, हातात कानस आणि ओठांत अर्धवट पुटपुटलेलं भजन. धाकटे काका त्यांना अण्णा म्हणत, ते ऐकून आम्ही पोरंही म्हणू लागलो आणि पुढं सगळी गल्ली. आजोबांच्याही आधीपासून घरात तंबोरे आणि वीणा घडत. मरुदानल्लूरच्या एका भजनमंडळीकडं अजून आमच्या घरचा तंबोरा आहे, हे अण्णा येईल त्या पाहुण्याला सांगत. मी ते इतक्यांदा ऐकलं होतं, की तंबोऱ्याचं नाव निघालं की पाणी प्यायच्या निमित्तानं आत सटकायचो.

या वीणेच्या घरात इलेक्ट्रिक गिटार शिरली ती मोडून. लग्नाकार्यात सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या एका मंडळीची परदेशी गिटार बसच्या टपावरून पडली आणि तिची दांडी मधोमध तडकली. त्यांनी ती आणून अण्णांपुढं टाकली. अण्णा दोन दिवस ती नुसती मांडीवर घेऊन बसले, तिसऱ्या दिवशी सागवानाची नवी दांडी घडवायला घेतली. वाजवणारा म्हणाला, मूळच्यापेक्षा ही बरी. मग दुसऱ्याला हवी झाली, तिसऱ्याला हवी झाली, आणि काही वर्षांत आमच्याकडं वीणा कमी आणि गिटारी जास्त अशी गत झाली. अंग फणसाचं, दांडी सागवानाची, वरची पट्टी शिसवी. तारा आणि आवाज उचलणारे पिकअप मद्रासहून येत, बाकी सगळं घरचं. नकाशा, मापं असली भानगड नव्हती. अण्णा गिऱ्हाइकाला समोर बसवत, त्याला कॉफी देत, त्याचा डावा हात आपल्या हातात घेत आणि त्याच्या सासुरवाडीपासून पोटदुखीपर्यंत चौकशा करत राहत. म्हाताऱ्याला गप्पांचं व्यसन आहे, असं मला वाटायचं. ते त्या वेळी माप घेत असत, हे कळायला मला सव्वीस वर्षांचं व्हावं लागलं.

घरात लाकडाचा भुसा सगळीकडं असायचा: उशीत, रेडिओत, पंचांगात, पानात. अम्मा जेवायला हाक मारायची ती अशी, "अस्के जण हात झटकून या रे. भूस खाऊन पोट भरणें आहे की काय?" अस्के म्हणजे सगळे. तिच्या रसवांगीचा आणि डांगर पचडीचा वास आला, की अण्णा हातातली पटाशी अर्ध्या फटक्यात थांबवत. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांची ही बोली मी इथं जपून वापरतोय, कारण माझी बायको सोलापूरची. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं होतं, तुम्ही नेहमी असंच बोलता, की नाटकात काम करता? पुढं तिनं माझं मराठी धुऊन, पिळून, वाळत घातलं. त्यामुळं हे पुस्तक तुम्हाला वाचता येतंय. त्याचं श्रेय तिचं.

आता माझ्याबद्दल. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून कोइंबतूरच्या एका पंपांच्या कारखान्यात दोन वर्षं काढली आणि परत आलो तो दीड शहाणा होऊन. शर्टाच्या खिशात, लोक पेन लावतात तिथं, मी व्हर्नियर लावायचो. येताजाता वस्तू मोजायचो. एकदा अम्माच्या इडल्या मोजून मी तिला सांगितलं, की दोन इडल्यांत दीड मिलिमीटरचा फरक पडतोय. दुसऱ्या दिवसापासून मला नेमानं लहान इडली मिळू लागली. कारखान्यात साचे कोरायचं एक जुनं कॉम्प्युटरवर चालणारं यंत्र मोडीत निघत होतं. ते मी खटपटी करून लॉरीत घातलं आणि घरी आणून रिकाम्या गोठ्यात बसवलं. ते सुरू झालं, की शेजारच्या टीव्हीवरचं चित्र थरथरायला लागे आणि शेजारीणबाई खिडकीतून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करीत. मध्येच वीज गेली, की यंत्र आपण कुठं होतो ते विसरे आणि वीज आल्यावर भलतीकडंच भोक पाडी. तरीही मी येईल त्याला सांगायचो, की याची केसाच्या निम्म्यानंही चूक होत नाही. अण्णा एकदा गोठ्याच्या दारात उभे राहून दहा मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "बहुत चोख आहे. धूळ मात्र आम्च्यापेक्षा जास्त करतें." मी आठवडाभर फुगून बसलो.

त्याच वर्षी सेल्वम आमच्याकडं येऊ लागला. तो तिरुप्पनंदाळचा. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा, मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणणारा आणि आमच्या भागातला नावाजलेला गिटारवाला. भाताच्या गिरणीच्या पट्ट्यात त्याचा डावा हात सापडला. हात वाचला, पण अंगठ्यापासून तिसरं बोट काठीसारखं ताठ राहिलं आणि अंगठा अर्धाच वळू लागला. नेहमीच्या गिटारीवर त्याची बोटं तारांपर्यंत पोचेनात. तो ज्या मंडळीत वाजवायचा तिच्या मालकानं त्याची जागा दुसऱ्याला दिली, पण शब्द दिला होता, की दिवाळीच्या कार्यक्रमात अर्धा तास नीट वाजवून दाखव, मग परत घेतो. सेल्वमला दुसरं काही येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं. हात टॉवेलात गुंडाळून तो दर आठवड्याला बसनं यायचा, अण्णांपुढं बसायचा. अण्णा टॉवेल सोडवून त्याचा हात आपल्या मांडीवर घ्यायचे. पाच महिने हे चाललं होतं. मी गोठ्यात यंत्राला तेल घालत असायचो. त्याचा हात दुखावलाय एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडं मी कधी पुसलं नाही.

पुसलं नाही, म्हणजे विचारलं नाही. बघा, इतकं धुऊनही बोली राहतेच.

आयुधपूजेच्या दिवशी आमच्याकडं सगळी हत्यारं धुऊनपुसून सरस्वतीपुढं मांडतात. त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पूजा उतरली की मगच काम. तयार झालेलं वाद्यही तिथंच ठेवायचं आणि गिऱ्हाइकाच्या हातात पहिल्यांदा द्यायचं ते दशमीलाच. त्याआधी त्याला दाखवायचंसुद्धा नाही, असा घरचा रिवाज. सेल्वमची गिटार पुरी होऊन फुलं घालून मध्यभागी ठेवली होती. अण्णांनी पटाश्यांना गंध लावलं, कानसांना लावलं, अम्माच्या विळीला, काकांच्या सायकलला, रेडिओला लावलं. वाटी संपत आली तरी गोठ्याकडं वळायचं चिन्ह दिसेना, तेव्हा मी विचारलं, "अण्णा, यंत्रास?"

"तें अजून आम्चें झालें नाहीं," ते सहज म्हणाले. "होईल तेव्हां लावूं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सायकल तुमची झाली, रेडिओ तुमचा झाला, आणि माझं यंत्र परकं. दुपारी घरचे सगळे मरुदानल्लूरला भजनाला निघाले. मी डोकं दुखतंय म्हणून मागं राहिलो. डोकं खरंच दुखत होतं, पण ते रागानं. घरात मी, सरस्वती आणि ती गिटार. यंत्राला गंध लागलं नव्हतं, म्हणजे आजचा नियम त्याला लागू नाही, असा वकिली मुद्दा मला सुचला आणि तो मला इतका आवडला, की मी उठून गिटारीवरची फुलं बाजूला केली. खरं सांगायचं तर नुसता रागही नव्हता. गेले काही महिने अण्णांचा हात कापत होता. कॉफीचा पेला डबऱ्यावर, म्हणजे खालच्या पसरट वाटीवर, टेकवताना वाजायचा आणि ते घाईनं दुसरा हात वर ठेवायचे. दांडी बिघडली असेल तर दशमीला चारचौघांत त्यांची शोभा होईल, ही काळजीही माझ्या मनात होती. राग आणि माया एकाच दिशेनं ओढू लागली, की माझ्यासारख्या माणसाला कुणी थांबवू शकत नाही.

तारा उतरवून, चार स्क्रू काढून मी दांडी वेगळी केली आणि व्हर्नियर लावला. तिची पाठ वाकडी होती. अंगठ्याच्या बाजूला फुगवटा, दुसऱ्या बाजूला इतकी खोल उतरलेली की जवळजवळ तीन मिलिमीटरचा फरक. तिसऱ्या पडद्यापाशी, म्हणजे दांडीवरच्या तिसऱ्या आडव्या पट्टीपाशी, खळगा, सातव्यापाशी उगाच उंचवटा. मी परदेशी कॅटलॉगातली आकृती पुढं ठेवून एकेक जागा मोजली आणि वहीत सुबक तक्ता आखला. वर लाल शाईनं लिहिलं: चुका. एकूण छत्तीस निघाल्या. तो तक्ता बघून मला रडू आलं. माझ्या बापाचा हात गेला, असं वाटून. वाचकांना एव्हाना सगळं कळलं असेल. मला मात्र कळलं नाही. चाळीस मिनिटांत यंत्रानं दांडीची पाठ दोन्हीकडून सारखी, गुळगुळीत, कॅटलॉगाबरहुकूम करून दिली. वीजही गेली नाही. तेल चोळून, तारा चढवून मी गिटार परत सरस्वतीपुढं ठेवली, फुलं होती तशी घातली आणि समाधानानं झोपलो.

दशमीला सेल्वम इस्त्रीचा शर्ट घालून आला. पूजा उतरली, अम्मानं त्याला सुंडल, म्हणजे हरभऱ्याची प्रसादाची उसळ, दिलं, अण्णांनी गिटार उचलून त्याच्या हातात ठेवली. उचलतानाच त्यांचा अंगठा दांडीच्या पाठीवरून फिरला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. तेवढंच. मी हसलो, कारण मला वाटलं त्यांनी शाबासकी दिली. मग सेल्वमनं दांडी पकडली. ते ताठ बोट तारेच्या अर्धा इंच अलीकडं हवेत राहिलं. त्यानं कोपर पुढं घेतलं, मागं घेतलं, मनगट वाकवलं. दोन सूर निघाले, तिसरा खरखरला. त्याच्या कपाळावर घाम आला. मग त्यानं गिटार हळूच मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "चांगली झालीय, अय्या. मला सवय करावी लागेल." तो तमिळ बोलत होता अर्थात, मराठी माझं. तो खोटं बोलतोय हे माझ्यासारख्यालाही कळलं, कारण तो टॉवेल शोधत होता.

अण्णा सेल्वमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझा हात चुकला, सेल्वम. वय झालं. मला आठ दिवस दे."

मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. सेल्वम गेल्यावर अण्णांनी आमच्या भाषेत मला दोनच वाक्यं सांगितली. "तें पूजेंतलें होतें रे, सीनू. मज पुसायचें होतें." आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी सागवानाची नवी फळी घेतली. मी दाराआडून बघत होतो. पहिल्या दिवशी पटाशी घसरली, फळी वाया गेली. दुसऱ्या दिवशी दुसरी फळी, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी हत्यार खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. अम्मा कॉफी घेऊन आली ती तशीच आत गेली. मला तेव्हा समजलं, की मी तासून टाकली ती त्यांच्या हातची शेवटची दांडी होती. त्यांना हे आधीच ठाऊक होतं. म्हणून तर पाच महिने लागले होते, कापरं थांबे तेवढ्या वेळात थोडं थोडं करून.

मी जाऊन वही त्यांच्यापुढं ठेवली. लाल शाईतलं शीर्षक बोटानं झाकायचा प्रयत्न केला, पण अण्णांनी बोट बाजूला करून ते वाचलं. छत्तीसच्या छत्तीस आकडे त्यांनी वरून खाली बघितले आणि मग ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत. "इतकें नेमकें कोण्ही माझें काम पाहिलें नव्हतें," ते म्हणाले. त्या रात्री जेवायलाही न उठता मी ते आकडे यंत्राला दिले आणि नवी दांडी कापून काढली. अण्णांनी डोळे मिटून अंगठा फिरवला. इथं बरोबर, इथं बरोबर, आणि मध्ये नाही. मी छत्तीस जागा मोजल्या होत्या. दोन जागांच्या मध्ये काय होतं ते यंत्राला माहीत नव्हतं आणि मला तर नव्हतंच. उरलेलं हातानं करायचं होतं. अण्णांनी काचेचा एक तुकडा माझ्या हातात दिला. वीणेची दांडी आम्ही काचेनंच खरवडतो. "आधीं तेचा हात धर," ते म्हणाले.

सेल्वमला निरोप गेला. तो आला, माझ्यापुढं बसला आणि मी पहिल्यांदा त्याचा हात हातात घेतला. ताठ बोट गार होतं. अंगठ्याच्या मुळाशी एक गाठ होती, ती दांडीला कुठं टेकणार हे बघायला मला सकाळची दुपार झाली. गप्पा काय मारायच्या ते सुचेना, म्हणून मी त्याला पंपांविषयी सांगितलं. बिचाऱ्यानं ऐकून घेतलं. चार दिवस मी खरवडत होतो, अण्णा शेजारी बसून "आणीक थोडें", "पुरे", "पुरे म्हटलें ना" एवढंच बोलत होते. मी दोनदा बोट कापून घेतलं. अम्मानं हळद दाबताना इडलीची आठवण काढली. पाचव्या दिवशी सेल्वमनं एक आख्खं गाणं वाजवलं. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. मग गिटार छातीशी धरून तो भिंतीकडं तोंड करून बसला, आणि अण्णा, अम्मा आणि मी आपापल्या कामाला लागल्याचं सोंग करून उठलो.

दिवाळीत मालकानं त्याला परत घेतलं. खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली. सेल्वम कृतज्ञ माणूस. ज्या गावी वाजवायला जाई तिथं तो गोष्ट सांगे: म्हाताऱ्याचा हात चुकला, मी संपलो असं वाटलं, पण त्यांच्या पोरानं मशीन लावून मला माझी बोटं परत दिली. लोक यायला लागले. "मशीनवाला सीनू" अशी पाटी न लावता माझं नाव झालं. अण्णा तिण्णैवर बसून हे ऐकत. एकदा मी धीर करून म्हटलं, की मी सेल्वमला खरं सांगून टाकतो. ते म्हणाले, "राहूं दे. मी कित्ती दिवस? अस्के आतां तुजकडेच येणें आहे. तूंच चुकला म्हणून कळलें तर कोण येईल?" मला तो सल्ला फार पटला. सोयीचे सल्ले मला नेहमीच लगेच पटतात. अण्णा गेले त्या दिवशी सेल्वम रडत आला आणि जमलेल्या लोकांना त्यानं तीच गोष्ट सांगितली, आणखी खुलवून. मी शेजारीच उभा होतो. बापाच्या तेराव्यालाही मी त्याच गोष्टीच्या जोरावर दोन ऑर्डरी घेतल्या.

हे प्रकरण लिहून झालं तेव्हा मला हलकं वाटलं. तीस वर्षांनी का होईना, कबूल केलं. आता आमचा गिटारींचा कारखाना माझी मुलगी सुगुणा चालवते. तिच्याकडं तीन यंत्रं आहेत, आणि शेवटचा हात ती काचेनं फिरवते. तिला देवनागरी अडखळत वाचता येतं. तिनं दोन दिवस लावून हे वाचलं आणि विचारलं, "अप्पा, सेल्वम मामाला मराठी वाचतां येतें?"

"नाहीं," मी म्हटलं.

"म्हणून मराठींत लिहिलें?"

मी चष्मा पुसायला घेतला. ती म्हणाली, "मामा रविवारीं तारा बदलायला येणार. तुम्ही सांगा, नाहीं तर मी वाचून दाखवीन." माझ्या आईवर गेलीय.

रविवारी सेल्वम आला. आता केस पांढरे, हात तसाच. मी सांगितलं. वकिली मुद्दासुद्धा सांगितला. तो रागावेल, गिटार परत देईल, निदान मला दोन शब्द सुनावेल, अशी माझी तयारी होती. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. समोरच्या पेल्यातल्या कॉफीवर साय धरेपर्यंत तो ताठ बोट दुसऱ्या हातानं चोळत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे अय्यांनी माझ्यासाठी बरोबर केली होती."

"हो."

"आणि मी तीस वर्षं गावोगाव सांगत फिरलो, की त्यांचा हात चुकला. त्यांच्या प्रेतापाशी उभं राहून सांगितलं, तंबी. तू तिथंच होतास."

तो उठला, गिटार खांद्याला लावली आणि कॉफी तशीच टाकून बाहेर पडला. मी तिण्णैपर्यंत मागं गेलो. रस्त्यावर त्याची नेहमीची रिक्षा उभी होती. सेल्वमनं आत बसायच्या आधी वाकून रिक्षावाल्याचा दंड धरला आणि मोठ्यानं, मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "मुरुगेसा, तुला ती म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली होती ना? ती मी चुकीची सांगितली. आता नीट ऐक."